दोनशे रुपयांची पावती आणि बाकीचा कायदा

वाचकाचे पत्र

मी गोव्यात फोंडा तालुक्यात राहतो, वय ४७. दिवसाला सहा-सात सिगारेटी होतात. गेल्या महिन्यात बसस्थानकावर, शेडच्या बाहेर, आभाळाखाली उभा राहून सिगारेट पेटवली तर पोलिसांनी दोनशे रुपयांची पावती फाडली. किनाऱ्यावर मात्र लोक खुशाल ओढतात, त्यांना कोणी विचारत नाही. मग हा दंड कायद्यात बसतो का? आमच्या वाड्यावरचा गाडेवाला पाकिटामागे छापील किमतीपेक्षा वीस रुपये जास्त घेतो आणि विचारले तर 'कर वाढला' म्हणतो. भाचा दुबईहून येतोय. तो म्हणतो, मामा, तुमच्यासाठी व्हेप (ई-सिगारेट) आणतो, सिगारेट सुटेल. आणायला सांगू का? आई मशेरी लावते, तिच्या पुडीवर काहीच छापलेले नसते, ते चालते का? आणि शेवटचे म्हणजे संध्याकाळी मी अकरावीतल्या मुलाला पाकीट आणायला पाठवतो, त्यावरून बायको रोज भांडते. ती म्हणते हा गुन्हा आहे. खरेच का?
— एक वाचक

उत्तर

नमस्कार. तुम्ही शेवटी विचारलेला प्रश्न आम्ही आधी घेतो, कारण सगळ्या प्रश्नांत तोच गंभीर आहे. वहिनींचे म्हणणे बरोबर आहे.

आपल्याकडे तंबाखूचा मुख्य कायदा २००३चा. त्याचे नाव लांबलचक आहे, इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला 'कोटपा' म्हणतात. त्याच्या ६व्या कलमाप्रमाणे १८ वर्षांखालील कोणालाही तंबाखूचा कोणताही पदार्थ विकता येत नाही. 'बाबांनी मागवलंय' ही सबब तिथे चालत नाही. पाकीट शेवटी कोण ओढणार हे कायदा विचारत नाही, ते कोणाच्या हातात दिले एवढेच पाहतो. समोरचा गिऱ्हाईक सज्ञान आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारीही विकणाऱ्यावर आहे आणि शंका आली तर तो वयाचा पुरावा मागू शकतो. या कलमाखाली दंड फक्त २०० रुपयांपर्यंत आहे, म्हणून गाडेवाले त्याकडे दुर्लक्ष करतात. पण त्यांना, आणि बहुतेक आईबापांना, दुसरा कायदा ठाऊक नसतो. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७ : डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूचा पदार्थ देणाऱ्याला किंवा द्यायला लावणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. इथे मूल म्हणजे १८ पूर्ण न झालेली कोणीही व्यक्ती. अकरावीतला तुमचा मुलगा त्यात येतो.

'द्यायला लावणारा' हे शब्द पुन्हा एकदा वाचा. पैसे हातात देऊन मुलाला गाड्यावर पाठवणारा बाप त्या शब्दांच्या फार जवळ उभा असतो. तुमच्यावर उद्या खटला होईल असे आम्ही म्हणत नाही. पण गाडेवाल्याला तुम्ही रोज संध्याकाळी अशा कलमाच्या तोंडी देता, आणि तेही वीस-पंचवीस पावलांचा त्रास वाचावा म्हणून. शिवाय मुलाला ब्रँडचे नाव, किंमत, पाकीट कुठल्या खणात असते हे सगळे पाठ होते. ज्याच्याकडून तो तुमच्यासाठी घेतो तोच त्याला स्वतःसाठीही देईल, तेव्हा कोणी विचारणार नाही. पाकीट स्वतः आणा. आजपासूनच.

याच नियमाची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. गाड्यावर १८ वर्षांखालील मुलाला विक्रीला बसवता येत नाही. दुपारी बाप जेवायला गेला आणि दहावीतली मुलगी पाकिटे देते आहे, हे दृश्य आपल्या वाड्यावाड्यांवर दिसते आणि तेही नियमबाह्य आहे. दुकानावर किमान ६० बाय ३० सेंटीमीटरची पाटी हवी, १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकणे हा दंडनीय गुन्हा आहे असे सांगणारी, भारतीय भाषेत आणि दुष्परिणामाच्या चित्रासह. आणि मुलांचा हात सहज पोहोचेल अशा रीतीने माल मांडायचा नाही. चॉकलेट-बिस्किटांच्या बरण्यांशेजारी सिगारेटींची रास लावणे यात बसत नाही.

आता तुमची पावती. कोटपाच्या ४थ्या कलमाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. कायद्यातल्या व्याख्येत 'मोकळी जागा' सार्वजनिक ठिकाणातून वगळली आहे. तुमचा मुद्दा तिथूनच येतो आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. पण २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी ही पळवाट बुजवली. लोकांची ये-जा असणारी खुली प्रेक्षागृहे, स्टेडियम, रेल्वे स्थानक, बसथांबा आणि बसस्थानक ही ठिकाणे मोकळ्या जागेत धरायची नाहीत, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे डोक्यावर आभाळ असले तरी बसस्थानकाच्या आवारात सिगारेट पेटवणे हा गुन्हाच. मडगाव किंवा थिवी स्टेशनच्या उघड्या फलाटालाही हेच लागू.

दंडाची कमाल रक्कम २०० रुपये. २१व्या कलमात एवढेच आहे, तुरुंगवास नाही. दंड घ्यायचा अधिकार उपनिरीक्षक आणि त्यावरच्या पोलिसांना तर आहेच, शिवाय ज्या त्या ठिकाणच्या ठरवून दिलेल्या अधिकाऱ्यांनाही आहे. स्टेशनवर स्टेशन मास्तर, शाळेत मुख्याध्यापक, पोस्टात पोस्टमास्तर. पैसे दिले की छापील पावती घ्या आणि तिच्यावर कोणते कलम लिहिले आहे ते पाहा. पावती न देता कोणी रक्कम मागत असेल किंवा याच कलमाखाली २०० पेक्षा जास्त सांगत असेल, तर नाव आणि हुद्दा विचारा. सभ्य शब्दांत विचारलेल्या या एका प्रश्नाने बहुतेक वेळा काम होते. तुम्हाला पावती मिळाली, रक्कम योग्य होती. तो दंड कायद्यात बसतो.

किनाऱ्याचे मात्र तुमचे निरीक्षण खरे आहे. मोकळी वाळू या ४थ्या कलमाखाली येत नाही. पण शॅक, म्हणजे वाळूवर झापांखाली थाटलेले हॉटेल, येतो, आणि तिथे लोकांची फार गफलत होते. २००८च्या नियमांत रेस्टॉरंट म्हणजे जिथे खाणेपिणे तिथेच बसून घेण्यासाठी विकले जाते अशी कोणतीही जागा, आणि त्या जागेभोवतीची मोकळी जागासुद्धा. बार, पब, कँटीन, डिस्को, सगळे त्यात आले. त्यामुळे शॅकच्या झापांखाली आणि शॅकने समोर मांडलेल्या टेबलांवर धूम्रपान चालत नाही. तिथून उठून दूर वाळूत गेलात तर गोष्ट वेगळी. थोटूक मात्र वाळूत खुपसू नका. पाण्याबरोबर ते समुद्रात जाते आणि त्याचा फिल्टर कापसाचा नसतो, प्लास्टिकसारख्या धाग्यांचा असतो.

मग काही हॉटेलांत 'स्मोकिंग एरिया' कसा असतो? ३० किंवा जास्त खोल्यांचे हॉटेल, ३० किंवा जास्त जणांच्या बसण्याची सोय असलेले रेस्टॉरंट आणि विमानतळ, एवढ्यांनाच वेगळी जागा ठेवता येते. ती कशी असावी हेही ठरलेले आहे : चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप मिटणारे आणि एरवी बंद राहणारे दार, धूर थेट इमारतीबाहेर नेणारा पंखा, आणि जागा येण्याजाण्याच्या वाटेवर नको. आतल्या हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी राहावा लागतो, म्हणजे दार उघडले की हवा आत ओढली जाते आणि धूर बाहेर पसरत नाही. हे न करता कोपऱ्यात दोन टेबले ठेवून वर पाटी लावली तर ती जागा कायद्याने स्मोकिंग एरिया होत नाही. आणि मे २०१७ पासून तिथे कोणतीही सेवा देता येत नाही. खाणे नाही, पेय नाही, हुक्काही नाही. ओढायचे आणि बाहेर यायचे. २०-२५ खुर्च्यांच्या खानावळीला तर अशी जागा ठेवताच येत नाही, मालकाची कितीही इच्छा असो.

अशा ठिकाणी वेटरने टेबलावर अॅशट्रे आणून ठेवली तर चूक मालकाची आहे. अॅशट्रे, काडेपेटी, लायटर पुरवायला नियमांनीच मनाई केली आहे. प्रवेशद्वाराशी 'धूम्रपान निषिद्ध क्षेत्र, येथे धूम्रपान करणे गुन्हा आहे' अशी पाटी हवी आणि तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचे नावही लिहिलेले हवे. ते नाव बहुतेक पाट्यांवर नसते. शेजारच्या टेबलावर कोणी ओढत असेल तर आधी त्या माणसाकडे किंवा व्यवस्थापकाकडे तक्रार करा. त्यांनी काहीच केले नाही तर नियम त्यांच्यावरही दंड बसवतो, जेवढे ओढणारे सापडले तेवढ्यांच्या हिशेबाने.

तुमच्या गाडेवाल्याचा प्रश्न पाकीट हातात घेतले की निम्मा सुटतो. एकदा नीट उजेडात धरून वाचा. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग आरोग्याच्या इशाऱ्याने व्यापलेला असला पाहिजे. १ एप्रिल २०१६ पासून हा नियम आहे. त्यात चित्र ६० टक्के आणि मजकूर २५ टक्के. चित्र ठरावीक काळाने बदलते, म्हणून दोन पाकिटांवर वेगळी चित्रे दिसली तर दचकू नका. इशाऱ्यातच १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीच्या मदतीचा क्रमांक असतो. तो १ सप्टेंबर २०१८ पासून छापला जातो. उरलेल्या अरुंद बाजूंवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, सिगारेटींची संख्या, बनवल्याचा महिना व वर्ष आणि 'सर्व करांसह' कमाल किरकोळ किंमत. हे बारीक अक्षरात असते, पण तुमच्या कामाचे तेच आहे.

'सर्व करांसह' हे शब्द त्या गाडेवाल्याला दाखवा. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात. सरकारने कर वाढवला तर कंपनी नव्या किमतीचा माल बाजारात पाठवते. जुनी किंमत छापलेल्या पाकिटावर दुकानदाराला स्वतःच्या मनाने वीस रुपये चढवता येत नाहीत. वेष्टित वस्तूंच्या २०११च्या नियमांत किरकोळ विक्रेत्याने छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ नये असे स्पष्ट आहे, आणि सिगारेट त्याला अपवाद नाही. कर वाढीची बातमी आली की जुना माल दाबून ठेवून चढ्या भावाने विकण्याचा धंदा दरवेळी चालतो, आणि ओढणाऱ्याला तलफ आलेली असल्याने तो वाद घालत नाही. यातच सगळी मेख आहे.

तक्रार करायची असेल तर रोख देऊ नका. यूपीआयने द्या, म्हणजे दुकानाचे नाव, रक्कम, तारीख आणि वेळ फोनमध्ये राहते. त्याच वेळी पाकिटाचा किंमत व महिना दिसेल असा फोटो काढा. एकाच वेळी इतर काही विकत घेऊ नका, नाहीतर रक्कम कशाची हे सांगता येत नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर किंवा तालुक्याच्या वजन-मापे खात्याच्या निरीक्षकाकडे लेखी तक्रार द्या. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. इथे तक्रारी फसतात त्या बहुधा पुराव्यावाचून : तोंडी सांगितलेले टिकत नाही आणि फेकून दिलेल्या पाकिटावरची किंमत कोणाला आठवत नाही.

सुट्या सिगारेटीचा हिशेब जाताजाता सांगतो. समजा दहाच्या पाकिटावर १७० रुपये छापले आहेत. म्हणजे एक १७ची. गाड्यावर तीच २०ला मिळते. दिवसाला सहा घेतल्या तर रोज १८ रुपये वर जातात, महिन्याला ५४०. पण पैशांपेक्षा महत्त्वाचे हे की सुट्या सिगारेटीवर ना इशारा असतो, ना किंमत, ना मदतीचा क्रमांक. मुलांच्या हाती पहिली सिगारेट येते ती याच वाटेने. केंद्रीय कायद्यात सुट्या विक्रीला नाव घेऊन बंदी नाही. मात्र इशारा असलेल्या पाकिटाशिवाय व्यापार करू नये, असे ७वे कलम सांगते. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२०मध्ये सुट्या सिगारेटी-बिड्यांची विक्री बंद केली. त्यामुळे पत्रादेवीची सीमा ओलांडून बांद्याला गेलात आणि दुकानदाराने एक सुटी द्यायला नकार दिला तर तो आडमुठेपणा करत नाही.

सीमेपलीकडचे आणखी थोडे, कारण आपल्याकडची माणसे दर आठवड्याला बेळगावला, कारवारला, सावंतवाडीला जातात. कर्नाटकाने आपल्यापुरता कोटपात बदल केला आणि तो २०२५च्या मे महिन्यात लागू झाला. तिथे विक्रीसाठी वयाची अट आता २१ आहे आणि सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाचा दंड हजार रुपयांपर्यंत. मोलेहून अनमोड घाट चढून गेलेल्या २० वर्षांच्या मुलाला फोंड्यात मिळणारे पाकीट तिथे मिळणार नाही. हुक्का पार्लर महाराष्ट्रात २०१८पासून आणि आता कर्नाटकातही बंद आहेत.

किनारपट्टीवरच्या काही दुकानांत परदेशी सिगारेटींची चकचकीत पाकिटे मिळतात. त्यांवर भारतीय चित्र आणि इशारा नसेल, किंमत रुपयांत छापलेली नसेल, आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता नसेल, तर तो माल कर चुकवून आलेला आहे असे समजायला हरकत नाही. इशाऱ्याशिवाय माल विकणाऱ्याला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. विकत घेणाऱ्यासाठी कोटपात शिक्षा नाही, पण आत काय भरले आहे याची जबाबदारी घेणारा कोणीच नसतो.

भाच्याला लगेच फोन करा आणि सांगा, व्हेप आणू नकोस. २०१९च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणे, आयात करणे, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप आणि जाहिरात, सगळ्यावर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करण्याला वेगळी शिक्षा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'स्वतःसाठी एकच आणतोय' असे म्हटल्याने आयात ही आयातच राहते. दाबोळीचा विमानतळ असो वा मोपाचा, सीमाशुल्क अधिकारी ते जप्त करणार. 'यात निकोटीन नाही, नुसता स्वाद आहे' हेही चालत नाही, कारण व्याख्येत निकोटीन असलेले आणि नसलेले दोन्ही प्रकार आहेत. तंबाखू न जाळता तापवणारी यंत्रे आणि ई-हुक्काही त्यातच. आकार पेनसारखा, पेन ड्राइव्हसारखा, खेळण्यासारखा, कसाही असो. फुकट नमुना म्हणून दिले तरी ते वाटपात धरले जाते. एखाद्याकडे आधीच असेल तर त्याने ते मित्राला देऊन सुटका करून घेऊ नये, इतकेच सांगतो.

भाच्याला दुबईच्या विमानतळावरून काहीतरी आणायचेच असेल तर कायदा काय देतो तेही सांगतो. सज्ञान प्रवाशाला शुल्काशिवाय १०० सिगारेटी किंवा २५ सिगार किंवा १२५ ग्रॅम तंबाखू. तिन्हींतले एकच. दोनशेचा कार्टन सहज घेतला जातो आणि तिथेच चूक होते, कारण अर्धा कार्टन मर्यादेबाहेर असतो. पण मामाची सिगारेट सुटावी असे त्याला मनापासून वाटत असेल तर खजूर आणू दे.

कारण सोडायचा मार्ग इथल्या औषधाच्या दुकानातच आहे, आणि तो कायदेशीर आहे. ई-सिगारेटच्या बंदीतून औषध म्हणून परवाना असलेले पदार्थ वगळले आहेत. निकोटीनचे च्युइंग गम २ मिलिग्रॅमपर्यंत चिठ्ठीशिवाय मिळते, ४ मिलिग्रॅमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर सवय घट्ट आहे, डॉक्टरांशी ४ मिलिग्रॅमबद्दल बोला. गम साध्या च्युइंग गमसारखे चावत राहिले तर निकोटीन पोटात जाते, मळमळते, उचक्या लागतात, आणि लोक दुसऱ्या दिवशी 'हे काही उपयोगाचे नाही' म्हणून सोडून देतात. सावकाश चार-सहा वेळा चावा, तिखट किंवा झिणझिण्या आणणारी चव आली की थांबा, गालाच्या आत दाबून ठेवा. चव गेली की पुन्हा चावा, जागा बदला. असे अर्धा तास. आधीची १५ मिनिटे आणि चघळताना चहा, कॉफी, कोकम सरबत, सोलकढी, लिंबूपाणी काही नको. आंबट तोंडात निकोटीन शोषले जात नाही. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पाकिटावरच्या १८००-११-२३५६ वर फोन केला तर समुपदेशक बोलतात, पैसे पडत नाहीत. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला तर सोडण्याच्या दिवसांत मोबाइलवर संदेश येत राहतात.

तुम्ही विचारले नाही, पण शाळेजवळच्या गाड्यांविषयी बाप म्हणून तुम्हाला माहीत असावे. शाळा, कॉलेज किंवा मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांत, म्हणजे सुमारे ९१ मीटरांत, तंबाखू विकता येत नाही. हे अंतर रस्त्याने चालत मोजायचे नसते. कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून चहूबाजूंना सरळ रेषेत मोजायचे. गल्ली वळसा घालून १२० मीटर जात असली तरी भिंतीपासून सरळ ८० भरत असेल तर तो गाडा हद्दीत आहे. फोनवरच्या नकाशात अंतर मोजण्याची सोय असते. एक टोक कुंपणावर, दुसरे गाड्यावर ठेवा आणि पडद्याचा फोटो घ्या. त्याला गाड्याचा तारखेसह फोटो जोडून मुख्याध्यापकांमार्फत पोलीस ठाण्यात अर्ज द्या. पालक-शिक्षक संघाच्या सह्या असतील तर अर्ज टेबलावर पडून राहत नाही. पंचायतीलाही प्रत द्या, कारण गाड्याला जागा दिली जाते ती बहुतेकदा तिथून.

राहिली आईंची मशेरी. कोटपाच्या यादीत सिगारेट, विडी, जर्दा, तपकीर यांच्याबरोबर तंबाखू असलेली दातांची पूडही नावानिशी आहे, म्हणजे इशाऱ्याविना ती विकणे हाच एक गुन्हा. दुसरीकडे दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरायला १९९२ पासून बंदी आहे. त्यामुळे 'दात घट्ट होतात' असे सांगून कोणी विकत असेल तर ते तर मुळीच चालत नाही. गुटख्याचे मात्र वेगळे आहे. तो गोव्यात २ ऑक्टोबर २००५ पासून बंद आहे. पुढे २०११च्या अन्नसुरक्षा नियमांनी खाद्यपदार्थात तंबाखू आणि निकोटीन घालायलाच मनाई केली. आज गाड्यावर पान मसाला आणि जर्दा अशा दोन वेगळ्या पुड्या एकत्र दिल्या जातात, घेणारा तळहातावर मिसळतो. ही बंदीला दिलेली बगल आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६च्या आदेशात तिची दखल घेतली आहे. आणि तंबाखू खाऊन कोठेही पिंक टाकणाऱ्यांसाठी गोव्याचा १९९७चा कायदा आहे. केंद्राच्या आधी केलेल्या या कायद्याच्या नावातच धूम्रपानाबरोबर थुंकणेही आहे.

आईंना या वयात कलमे सांगून काही होणार नाही. मशेरी जिथे लावतात ती जागा, म्हणजे खालच्या ओठाच्या आत आणि हिरड्यांच्या कडेला, उजेडात बसवून एकदा पाहा. न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांतले काही दिसले तर दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला दुखत नाहीच. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात सकाळी घेऊन जा, केसपेपर काढताना मशेरी किती वर्षे लावतात ते सांगा, आणि तपासायला बसाल तेव्हा तुमचेही तोंड दाखवा.